टोचणी आणि तलवार : 'मॅकबेथ' वाचताना केलेली टिपणं

'मॅकबेथ'मधली सगळ्यात भयंकर गोष्ट कोणती, असं विचारलं तर मी खुनाचं नाव घेणार नाही. खुनाआधीच मॅकबेथला सगळं कळलेलं असतं, ही गोष्ट मला जास्त भयंकर वाटते. पहिल्या अंकाच्या शेवटी तो मेजवानीतून उठून एकटाच बाहेर येतो. आत राजा डंकन जेवतोय आणि बाहेर हा हिशेब मांडतोय. डंकन आपला राजा, आपला आप्त, आणि आज रात्री आपल्या घरचा पाहुणा. मारेकऱ्याला अडवायला आपण दार लावायचं, तर आपणच सुरा हातात घ्यायचा? शिवाय राजा इतका सौम्य की त्याच्या कारभारात बोट ठेवायला जागा नाही. आज आपण जगाला रक्त सांडायला शिकवलं की उद्या तोच धडा आपल्यावर उलटणार, हेही त्याला स्वच्छ दिसतं. खुनाच्या बाजूनं मांडायला त्याच्याकडे एकच गोष्ट उरते, महत्त्वाकांक्षा. तिच्यावरही त्याचा भरवसा नाही. इतकं सगळं पाहिल्यावर तो बायकोला सांगतो की हा विषय इथंच संपला. आणि थोड्याच वेळात तयारही होतो.

मला या नाटकाबद्दल जे म्हणायचंय ते इथूनच सुरू होतं. टोचणी खुनानंतर येते, असं आपण धरून चालतो. मॅकबेथच्या मनात ती आधीपासून जागी आहे. तिनं त्याचा हात थांबत नाही.

*

नाटक साधारण १६०६ सालचं. छापून आलं ते शेक्सपिअर गेल्यानंतर, १६२३ च्या पहिल्या फोलिओत. त्याच्या शोकांतिकांत हे सर्वांत छोटं, 'हॅम्लेट'च्या जवळजवळ निम्मं. 'हॅम्लेट'मध्ये सूड लांबत जातो, माणसाला विचार करायला वेळ मिळतो. इथं कुणालाच वेळ नाही. चेटकिणींचं भविष्य कानावर पडतं, पत्र घरी जातं, राजा मुक्कामाला येतो, रात्र होते, राजा मरतो. वाचताना धाप लागते. मला वाटतं, हा वेगच या नाटकाचा अर्थ आहे. थांबलं तर विचार येईल आणि विचार आला तर हात कापेल, म्हणून या घरात कुणी थांबत नाही.

*

खरा मॅकबेथ वेगळाच होता. १०४० साली डंकन मारला गेला तो झोपेत नाही, एल्गिनजवळच्या लढाईत. तो म्हातारा नव्हता, तरुण होता. स्कॉटलंडमध्ये तेव्हा बापामागून मुलगा अशी सरळ वारसाची रीत नव्हती, त्यामुळे मॅकबेथचा गादीवरचा हक्कही अगदीच हवेतला नव्हता. त्यानं सतरा वर्षं राज्य केलं. १०५० मध्ये तो रोमच्या यात्रेला गेला आणि तिथं त्यानं गोरगरिबांत बी पेरावं तसा पैसा वाटला, अशी जुनी नोंद आहे. राज्य हातचं जाईल या धास्तीतला राजा इतक्या लांब जात नाही. १०५७ मध्ये लम्फॅननला तो डंकनचा मुलगा माल्कम याच्याकडून मारला गेला. राणीचं नाव ग्रुओख. तिला पहिल्या नवऱ्यापासून झालेला मुलगा लुलाख मॅकबेथनंतर काही महिने राजा होता.

या माणसावर शेक्सपिअरनं अन्याय केला का? इतिहास म्हणून पाहिलं तर केला. पण शेक्सपिअरला स्कॉटलंडचा इतिहास लिहायचाच नव्हता. त्याला एक मन उघडून दाखवायचं होतं आणि त्यासाठी त्यानं हे नाव घेतलं.

*

शेक्सपिअरनं कथा घेतली हॉलिन्शेडच्या बखरीतून. तिथला मॅकबेथ राजा झाल्यावर दहा वर्षं चांगला कारभार करतो, कायदे करतो, चोरदरोडेखोरांचा बंदोबस्त करतो. मग मनाची टोचणी सुरू होते. आपण आधीच्या राजाला जो प्याला पाजला तोच आपल्याला कुणी पाजेल, ही भीती त्याला घेरते आणि त्यातून जुलूम सुरू होतो.

शेक्सपिअरनं ती दहा चांगली वर्षं काढून टाकली. टोचणीतून भीती, भीतीतून पुढचा खून, ही साखळी मात्र ठेवली, आणि तिच्यातलं अंतर दहा वर्षांवरून एका रात्रीवर आणलं. राजा होऊन काय करणार, हे त्याचा मॅकबेथ नाटकभर एकदाही बोलत नाही. त्याला मुकुट हवा आहे, राज्य चालवण्याबद्दल त्याच्या मनात काही नाही. ज्या महत्त्वाकांक्षेला पुढचं काम दिसत नाही, तिच्याजवळ मिळालेलं राखणं एवढंच उरतं. आणि इथं राखणं म्हणजे मारणं.

*

रक्त रंगमंचावर पहिल्यांदा येतं ते कौतुकासोबत. जखमी शिपाई राजाला लढाईची हकिकत सांगतो : मॅकबेथनं बंडखोराला बेंबीपासून जबड्यापर्यंत चिरलं आणि त्याचं मुंडकं तटावर लावलं. राजा खूश होतो, आपल्या या भावाला शूर म्हणतो. नाटकाच्या शेवटी मॅकबेथचं मुंडकं सरदार मॅकडफ घेऊन येतो आणि सगळे नव्या राजाचा जयजयकार करतात.

ज्या हातानं डंकनला मारलं त्याच हाताची डंकननं आदल्या दिवशी तारीफ केली होती. शेक्सपिअर यावर काही बोलत नाही. पण मला हे दोन प्रसंग नेहमी शेजारी ठेवावेसे वाटतात. ज्या राज्यात शौर्य चिरलेल्या धडांवर मोजलं जातं, तिथं एखाद्याला पुढच्या धडाची हाव सुटली, तर तो दोष त्याच्या एकट्याचा नसतो.

*

लेडी मॅकबेथला राक्षसीण ठरवून आपण मोकळे होतो. तिचं बोलणं नीट वाचायला हवं. ती काळ्या शक्तींना हाक मारून मागते काय? माझ्यातला ओलावा काढून घ्या, पश्चात्तापाची वाट बुजवून टाका. जिच्या मनात ओलावाच नाही तिला हे मागावं लागलं नसतं. आणि ऐन वेळी, सुरे मांडून ठेवलेल्या खोलीत, झोपलेला डंकन तिला आपल्या वडिलांसारखा दिसतो. म्हणून तिच्या हातून ते होत नाही. हे ती स्वतः कबूल करते, आणि एका ओळीत ओलांडूनही जाते. सगळं नाटक त्या ओळीत आहे असं मला वाटतं. बापाचा चेहरा दिसला, तिनं हात आखडता घेतला आणि नवऱ्याला पुढे केलं.

*

दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश मी अनेकदा मोठ्यानं वाचलाय. खून आपल्याला दिसत नाही. लेडी मॅकबेथ वाट पाहत उभी आहे. पहारेकऱ्यांच्या पेयात तिनं गुंगीचं औषध घातलंय. घुबड ओरडतं. मॅकबेथ येतो, दोन्ही हात रक्तानं माखलेले, सुरे तसेच हातात. शेक्सपिअरची माणसं एरवी भरभरून बोलतात, पण इथं नवराबायकोची नुसती कुजबुज चालते. आवाज कुणाचा, केव्हाचा, शेजारच्या खोलीत कोण झोपलंय, असं एकेका शब्दात.

मग तो जे सांगतो त्यात डंकनचं नाव नाही. कुणी दोघं झोपेतून जागे झाले, त्यांनी देवाची करुणा भाकली, आणि 'आमेन' म्हणायला याची जीभ उचलेना. शब्द घशातच अडकला. राजाला मारून आलेला माणूस प्रार्थनेचा एक शब्द का आला नाही, यावर अडून बसला आहे. यापुढे आपल्याला झोप नाही, असं ओरडणारा आवाजही त्याला ऐकू आलाय. बायको मात्र त्याच्या हातांकडे बघते : सुरे का आणलेस, ते पहारेकऱ्यांजवळ राहायला हवे होते. तो परत जायला नकार देतो. केलं ते पुन्हा पाहायची त्याची हिंमत नाही. ती सुरे घेऊन आत जाते आणि तेवढ्यात दारावर थाप पडते.

त्या थापेवर डी क्विन्सीनं १८२३ मध्ये एक निबंध लिहिला, तो आजही वाचला जातो. त्याचं म्हणणं असं की खुनाच्या वेळी माणसांचं जग बंद पडलेलं असतं, आणि दारावरची थाप ते पुन्हा सुरू झाल्याचं कळवते. म्हणून ती ऐकताना अंगावर काटा येतो. मला त्यात एक भर घालावीशी वाटते. ती थाप ऐकून डंकन जागा झाला तर किती बरं, असं मॅकबेथ म्हणतो. खून होऊन घटका झाली नाही, आणि तो घडायला नको होता हे त्याला मनापासून वाटतं. पण तो हात धुवायला आत जातो, दार उघडायला नोकर येतो, आणि तो सकाळचा यजमान होऊन बाहेर येतो.

*

दार उघडायला येतो तो द्वारपाल, प्यालेला. आपण नरकाच्या दारावर पहाऱ्याला आहोत अशी कल्पना करून तो आत येणाऱ्या पाप्यांची नावं घेतो. त्यात एक आहे तो शपथेवर दुटप्पी बोलणारा. १६०६ च्या प्रेक्षकाला हा कोण ते लगेच कळलं असणार. ५ नोव्हेंबर १६०५ ला पार्लमेंटच्या खाली बंदुकीच्या दारूच्या छत्तीस पिंपांसह गाय फॉक्स सापडला होता. राजाला उडवून देण्याच्या त्या कटाच्या प्रकरणात हेन्री गार्नेट या जेझुइट पाद्र्यावर खटला चालला आणि मे १६०६ मध्ये त्याला फाशी झाली. धर्मासाठी दुअर्थी बोलता येतं, असं त्याचं समर्थन होतं. राजाच्या खुनाचा विषय तेव्हा लंडनच्या हवेतच होता. अशा वेळी शेक्सपिअरनं राजाला मारणारा माणूस नायक केला आणि प्रेक्षकाला त्याच्या मनात नेऊन बसवलं. हे धाडस मला फार मोठं वाटतं.

*

तेव्हाचा राजा पहिला जेम्स स्वतःला नाटकातला मॅकबेथचा जोडीदार सरदार बँको याचा वंशज समजत असे. बँको हा माणूस प्रत्यक्षात होऊन गेला नाही, तो पुढच्या बखरकारांनी रचलेला आहे. हॉलिन्शेडकडे बँको खुनाच्या कटात सामील आहे. राजाच्या पूर्वजाला नाटकात असं दाखवणं शक्य नव्हतं, म्हणून शेक्सपिअरनं त्याला कटातून बाहेर काढलं.

पण पूर्ण निर्दोषही ठेवलं नाही. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला बँको एकटाच असताना बोलतो. मॅकबेथनं हे राज्य वाईट मार्गानं मिळवलं असा त्याला संशय आहे. आणि लगेच पुढे त्याच्या मनात येतं की चेटकिणींचं भविष्य त्याच्या बाबतीत खरं ठरलं, तर माझ्या वंशाबद्दलचंही ठरेल. एवढं मनात ठेवून तो गप्प बसतो. त्या रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रण स्वीकारतो. त्याच्या हाताला रक्त लागलेलं नाही. पण ज्या दरबारात एका शहाण्या माणसाला खून झाल्याचं कळतं आणि तो आपल्या मुलाबाळांच्या आशेनं तोंड मिटतो, त्या दरबारात पुढचा खून अडवायला कुणी उरत नाही. पुढचा खून त्याचाच होतो.

*

कॉडरचा सरदार. नाटकात हा माणूस रंगमंचावर येतच नाही, फक्त त्याच्या मरणाची हकिकत येते. त्यानं राजाशी फितुरी केली, पकडला गेला, आणि मरताना गुन्हा उघड कबूल करून राजाची क्षमा मागितली. माल्कम सांगतो की त्याच्या साऱ्या आयुष्यात त्याला मरण्याइतकं शोभून दिसलेलं दुसरं काही नव्हतं.

त्याची सरदारकी मॅकबेथला मिळते. पदवी मिळाली, फितुरीही त्याच्याकडे आली, कबुली मात्र आली नाही. शेक्सपिअरनं सुरुवातीलाच आपल्याला मोजपट्टी देऊन ठेवली आहे. टोचणी लागलेला माणूस काय करू शकतो? उघड बोलू शकतो, घेतलेलं परत करू शकतो, शिक्षा पत्करू शकतो. मॅकबेथला आपल्या पापाचं जितकं दर्शन घडतं तितकं कॉडरला घडलं असेल असं वाटत नाही. तरी कॉडर सुटला आणि हा अडकला. वाईट वाटणं आणि परत फिरणं यांत किती अंतर आहे, ते इतकं स्पष्ट मी दुसरीकडे कुठं वाचलेलं नाही.

'हॅम्लेट'मधला क्लॉडियस निदान एकदा गुडघे टेकतो. मुकुट, राणी, सगळं जवळ ठेवून माफी कशी मिळेल, हा प्रश्न तो स्वतःला विचारतो आणि न मिळणाऱ्या उत्तरासह उठतो. मॅकबेथ तो प्रश्नसुद्धा विचारत नाही.

*

खून रंगमंचावर कुठं होतात याची एक नोंद. डंकनचा पडद्याआड. बँकोचा समोर. मॅकडफच्या लहान मुलाचा समोर, आईच्या देखत, तो आईशी चुरूचुरू बोलत असताना. सुरुवातीला झाकलेलं मरण हळूहळू उजेडात येतं.

आता हात कुणाचे ते बघू. डंकनला आणि त्याच्या पहारेकऱ्यांना मॅकबेथनं स्वतः मारलं. बँकोला मारायला भाडोत्री माणसं. त्यांना त्यानं पटवलं तेही कसं, तर बँकोच तुमच्या हलाखीला जबाबदार आहे असं भरवून. मॅकडफच्या घरात तर तो पाऊलही ठेवत नाही. पहिल्या खुनाला त्याचं अंग थरथरलं होतं, शेवटच्याला निरोप पाठवला की झालं. रक्ताचा वास जवळून येईनासा झाला की माणूस किती सहज हुकूम सोडतो! मोठी कत्तल करणारे बहुधा आपल्या टेबलाशी बसलेले असतात, हे आपण विसाव्या शतकात पाहिलं. शेक्सपिअरला ते तीनशे वर्षं आधी दिसलं होतं.

*

मॅकडफच्या घरावर माणसं पाठवायचं ठरवताना मॅकबेथ म्हणतो की यापुढे मनात आलं की लगेच हातानं करायचं, मध्ये वेळ जाऊ द्यायचा नाही. पहिल्या अंकातला तो लांबलचक हिशेब आठवला की अंगावर शहारा येतो. टोचणी राहते कुठं? मनात येणं आणि हातानं होणं यांच्या मधल्या जागेत. डंकनच्या वेळी ती जागा मोठी होती, तिथं तो फिरला, थांबला, नाही म्हणाला, कुरकुरला. ती जागाच त्यानं बुजवून टाकली. एका बाईचा आणि तिच्या मुलांचा जीव घेण्यात त्याचा काहीच फायदा नाही. मॅकडफ तर आधीच इंग्लंडला निसटलाय. हा खून महत्त्वाकांक्षेचाही उरलेला नाही.

*

मेजवानीतलं बँकोचं भूत फक्त मॅकबेथला दिसतं. पाहुण्यांना रिकामी खुर्ची दिसते. सायमन फोरमन या ज्योतिषी वैद्यानं एप्रिल १६११ मध्ये ग्लोब नाट्यगृहात हे नाटक पाहिलं आणि आपल्या वहीत टिपून ठेवलं. भूत येऊन मॅकबेथच्या मागे खुर्चीत बसलं आणि तो वळून पाहतो तर घाबरून गेला, हे त्यानं लिहिलंय. खुनानंतर नवराबायकोच्या हातावरचं रक्त काही केल्या धुतलं जाईना, हेही लिहिलंय. प्रेक्षकानं नोंदलेल्या गोष्टींत या दोन आहेत : जाईना तो डाग आणि उठेना तो पाहुणा. चारशे वर्षांनंतर नाटक पाहून आलेल्या कुणालाही विचारा, याच सांगेल.

*

अब्राहम लिंकनला 'मॅकबेथ' सगळ्यांत आवडायचं. एप्रिल १८६५ मध्ये यादवी युद्ध संपत असताना 'रिव्हर क्वीन' बोटीतून वॉशिंग्टनला परतताना त्यानं सोबत्यांना त्यातले उतारे मोठ्यानं वाचून दाखवले. डंकन मेल्यावर मॅकबेथ त्याच्या झोपेचा हेवा करतो, त्या भागापाशी तो रेंगाळला आणि तो त्यानं पुन्हा वाचला. मेलेल्याला आता कसलंही भय नाही, मारणाऱ्याला मात्र चैन नाही, असा त्याचा आशय. पुढच्याच आठवड्यात, १४ एप्रिलला, एका नटानं नाट्यगृहात लिंकनवर गोळी झाडली.

या योगायोगापेक्षा मला लिंकनचं रेंगाळणं महत्त्वाचं वाटतं. लाखो माणसं मेलेल्या युद्धाचा धनी असलेला माणूस मारणाऱ्याच्या बाजूनं ते वाचत होता. त्याचं युद्ध न्याय्य होतं, तरी रक्ताचं ओझं त्यानं स्वतःवरून झटकलं नव्हतं.

*

अभिनेत्री सारा सिडन्सनं लिहून ठेवलंय की तरुणपणी लेडी मॅकबेथची भूमिका पाठ करायला ती रात्री सगळे झोपल्यावर बसली. खुनाच्या प्रसंगापर्यंत आली आणि इतकी घाबरली की मेणबत्ती उचलून जिन्यानं वर धावली. आपल्याच रेशमी कपड्यांची सळसळ तिला भुतासारखी वाटत होती.

पुढे १७८५ मध्ये तिनं लंडनच्या ड्रुरी लेनला लेडी मॅकबेथ केली. झोपेत चालण्याच्या प्रवेशात हातातली मेणबत्ती शेवटपर्यंत धरून ठेवायची, अशी तोवरची रीत होती. सिडन्सनं ठरवलं की मेणबत्ती खाली ठेवायची. नाट्यगृहाचा चालक शेरिडन पहिल्या प्रयोगाआधी तिच्या खोलीत आला आणि असं करू नकोस म्हणून विनवू लागला, प्रेक्षकांना खपणार नाही म्हणाला. तिनं ऐकलं नाही. तिचं म्हणणं साधं होतं : डाग धुवायचा तर दोन्ही हात मोकळे हवेत. प्रयोगानंतर शेरिडननंच येऊन तिचं अभिनंदन केलं. १८१२ मध्ये तिच्या निरोपाच्या प्रयोगात हा प्रवेश संपल्यावर प्रेक्षकांनी पुढचं नाटक होऊच दिलं नाही.

अभिनय अशा एका निर्णयावर उभा असतो. ती बाई दिवा नेहमी जवळ ठेवायला सांगते, तिला अंधाराचं भय आहे. तरीही हात धुण्यासाठी ती दिवा खाली ठेवते. तिच्या लेखी डाग अंधारापेक्षा मोठा झालाय.

*

त्या प्रवेशात लेडी मॅकबेथ मॅकडफच्या बायकोबद्दल बोलते. एक बायको होती, आता ती कुठं आहे, असं विचारते. त्या खुनात तिचा हात नव्हता. बँकोच्या वेळीच नवऱ्यानं तिला बाजूला ठेवलं होतं. काम झाल्यावर वाहवा कर, तोवर तुला कळायला नको, असं म्हणून. गुन्ह्यात जोडीनं उतरलेली दोघं तिथून वेगळी झाली. तो मारत पुढे गेला आणि तिनं न केलेल्या खुनांचंही ओझं झोपेत वाहिलं. पहिला सुरा पुढे सरकवला तेव्हाच आपण पुढच्या सगळ्या मरणांना दार उघडलं, हे तिला जागेपणी बोलता आलं नाही.

*

बाजूला उभा राहून हे सारं पाहणारा वैद्य म्हणतो की हिला औषधाची नाही, धर्मगुरूची गरज आहे. पण नाटकभर असा धर्मगुरू कुणी येत नाही. वैद्य तर संधी मिळाली तर या किल्ल्यातून निघून जावं, या विचारात आहे.

मराठी वाचकाला इथं रामशास्त्री आठवतात. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांना या पापाचं प्रायश्चित्त देहान्ताशिवाय दुसरं नाही, असं रामशास्त्र्यांनी तोंडावर सांगितलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली. खाडिलकरांनी १९०९ मध्ये 'भाऊबंदकी'त ती रंगभूमीवर आणली. राघोबांनी ते प्रायश्चित्त घेतलं नाही. पण किंमत किती, हे त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगितलं होतं. मॅकबेथच्या राज्यात हे सांगणारा एकही माणूस नाही. बँको गप्प राहिला, मॅकडफ निघून गेला, बाकीचे पंगतीत बसले. समाजात असा एक माणूस उभा असेल तर टोचणीला निदान दिशा मिळते.

*

'मॅकबेथ' मराठीत आला तो शि. म. परांजप्यांच्या 'मानाजीराव'मधून. पुढे १९५४ मध्ये वि. वा. शिरवाडकरांनी 'राजमुकुट' लिहिलं. नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे यांनी ते रंगभूमीवर केलं. मराठी नाटककारांना हे नाटक पुन्हा पुन्हा का हवंसं वाटलं, त्याचं कारण फार लांब नाही. गादीसाठी घरातच रक्त सांडण्याच्या कथा आपल्याकडे वाड्यावाड्यांतून सांगितल्या गेल्या आहेत.

*

दोन चित्रपट. कुरोसावानं १९५७ मध्ये हे नाटक जपानच्या सामुराईंत नेलं. तिथं मॅकडफसारखा कुणी येऊन न्याय करत नाही. नायकाचे स्वतःचेच सैनिक त्याच्यावर बाण सोडतात. शेवटच्या प्रसंगात ही भूमिका करणाऱ्या तोशिरो मिफुनेच्या आजूबाजूला भिंतीत घुसत होते ते बाण खरे होते, आणि त्याच्या चेहऱ्यावरची भीतीही बऱ्याच अंशी खरी होती.

विशाल भारद्वाजचा 'मकबूल' २००३ चा, मुंबईच्या गुन्हेगारी जगातला. कुंडली मांडणारे दोन पोलीस तिथं चेटकिणींच्या जागी आहेत. शेवटी इरफानचा मकबूल आपल्या बाळाला घ्यायला दवाखान्यात जातो. ज्यांच्याशी त्याचं वैर आहे तीच माणसं बाळाला मायेनं जवळ घेत आहेत, हे तो काचेतून पाहतो. तो पिस्तूल टाकतो, बाहेर येतो आणि मारला जातो. शेक्सपिअरच्या मॅकबेथला न जमलेली गोष्ट भारद्वाजनं आपल्या नायकाला करायला दिली. मला तो शेवट मूळ नाटकाशी फार प्रामाणिक वाटतो, कारण मूळ नाटकाला जे हवंय तेच त्यात घडतं.

*

मॅकडफला बायकामुलं मारल्याची बातमी मिळते तो प्रवेश. सगळी? सगळीच? असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो. माल्कम सांगतो, पुरुषासारखा याला तोंड दे. तोंड देईन, पण पुरुषासारखं ते मला सोसलंही पाहिजे, असं मॅकडफचं उत्तर. आणि मग तो स्वतःला दोष देतो. ती माणसं त्यांच्या नव्हे, माझ्या पापांपायी मेली.

खून त्यानं केलेला नाही. तरी घर सोडून आलो ही चूक तो मोकळ्या मनानं, चार माणसांत, स्वतःवर घेतो. टोचणी अशीही असू शकते. ती माणसाला उजेडात आणते.

*

राणी गेल्याची बातमी येते तेव्हा मॅकबेथ ती थंडपणे ऐकतो. थोड्याच वेळापूर्वी बायकांचा आक्रोश ऐकून तो म्हणाला होता की पूर्वी अशा किंकाळीनं माझे केस उभे राहायचे, आता भीतीची चवही उरली नाही. टोचणी अनेक दिवस दाबत राहिलं की ती जाते खरी. पण जाताना ती एकटी जात नाही. दुःख, प्रेम, भीती, उद्याची ओढ, सगळं सोबत नेते. आयुष्याला काही अर्थ नाही, असं त्यावर तो जे म्हणतो ते जगाचं तत्त्वज्ञान म्हणून उद्धृत केलं जातं. मला तसं कधी वाटलं नाही. ज्यानं आपलं मन आपल्याच हातानं मारलं त्या माणसाला जग असं दिसतं, एवढंच ते आहे. त्याच नाटकात मॅकडफही रडतो, आणि त्याच्या रडण्याला अर्थ आहे.

*

शेवटच्या लढाईत मॅकबेथ समोर येईल त्याला कापत सुटतो. मग मॅकडफ गाठतो आणि मॅकबेथ त्याला म्हणतो की मागे फीर, तुझ्या घरच्या रक्ताचा माझ्यावर आधीच फार भार झालाय. स्त्रीपोटी जन्मलेल्या कुणाच्याही हातून आपल्याला मरण नाही, अशी चेटकिणींच्या भविष्यामुळे त्याची अजून खात्री आहे. म्हणजे हे शब्द भीतीतून आलेले नाहीत. मेलेली समजलेली टोचणी इथं पुन्हा दिसते, आणि सबंध नाटकात पहिल्यांदाच ती त्याच्या हाताला मागे खेचते.

नाट्यगृहात हे वाक्य बहुधा तलवारींच्या आवाजात विरून जातं. मला ते नाटकातलं सर्वांत मोलाचं वाक्य वाटतं. पहिल्या अंकात तो जे बोलला ते सगळं खरं होतं, पण त्यानं एकही जीव वाचला नाही. इथं मात्र एका माणसाला त्यानं निदान जायला सांगितलं. अपराधी वाटतं तेव्हा हातानं काय केलं, एवढ्यावरूनच त्या वाटण्याची परीक्षा व्हायला हवी. मॅकडफ काही मागे फिरत नाही, आणि त्यानं फिरावं असं आपल्यालाही वाटत नाही.